अंगठ्यावर उभा डिसेंबर

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटला की न्यूयॉर्कमधल्या बॅले नर्तकांची झोप, जेवण, दुखणंखुपणं सगळं एका नृत्यनाट्याच्या ताब्यात जातं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्याच दिवशी लिंकन सेंटरच्या कोक थिएटरमध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेचा ‘नटक्रॅकर’ सुरू होतो आणि नववर्षाच्या तोंडापर्यंत चालतो. पाच-सहा आठवडे, पन्नासच्या आसपास प्रयोग, शनिवार-रविवारी दिवसाला दोन-दोन. मेरी नावाच्या मुलीला ख्रिसमसला अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला भेट मिळतो, रात्री उंदरांच्या फौजेशी लढाई होते, मग बर्फाचं रान लागतं आणि त्यापलीकडे मिठायांचं राज्य. गोष्ट एवढीच. पण तिच्या तिकिटांवर अमेरिकेतल्या कितीतरी बॅले कंपन्यांची वर्षभराची चूल पेटते.

चायकोव्हस्कीच्या संगीतावरचं हे नृत्यनाट्य सेंट पीटर्सबर्गला १८९२ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नव्हतं. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशीन तिथेच शिकले, तिथेच या नृत्यनाट्यात नाचले, आणि अमेरिकेत स्थिरावल्यावर १९५४ साली त्यांनी ते आपल्या न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी नव्याने बसवलं. त्यात ख्रिसमसचं झाड प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत १२ फुटांवरून ४१ फुटांवर जातं. पोरं तोंड उघडं टाकून बघतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेले आईबापही. आता डिसेंबर आला की देशातल्या गावागावांत, अगदी शाळेच्या सभागृहातसुद्धा, कुठला ना कुठला ‘नटक्रॅकर’ असतोच.

मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, थिएटरपासून चालत येण्याइतक्या अंतरावर, माझी मालीशची खोली आहे. एक टेबल, एक हीटर, भिंतीला टेकवलेल्या उशा. न्यूयॉर्क राज्यात या कामाच्या लायसन्ससाठी एक हजार तासांचं शिक्षण आणि वर परीक्षा लागते. शरीररचनेचा अभ्यास त्यात आलाच. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचे फिजिओथेरपिस्ट आणि मालीश करणारे असतात, तरी त्यांच्याकडच्या काही जणी स्वतःच्या खर्चाने माझ्याकडे येतात. बाकीच्या छोट्या कंपन्यांमधल्या, आणि काही कुठल्याच कंपनीत नसलेल्या. डिसेंबरात माझी वही भरलेली असते, आणि या महिन्यात मला माझ्या कामाचा अर्थ सगळ्यात स्पष्ट दिसतो.

पहिल्या अंकाच्या शेवटी बर्फ पडतं. बॅलनशीनच्या रचनेत सोळा जणी हिमकण होऊन नाचतात. वरून कागदाचं बर्फ सोडलेलं असतं, मागे मुलांचा समूहस्वर लागतो आणि प्रेक्षागृहात शांतता पसरते. मी विंगेत उभी राहून हे पाहिलं आहे. तिथून दिसतं ते वेगळं. कागदाचे कपटे पापण्यांवर बसतात, श्वास घेताना तोंडात जातात, जमिनीवर साचून निसरडे होतात. त्या निसरड्यावर या मुली वेगाने उड्या घेत, दिशा बदलत, एकमेकींच्या मधून पळतात आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूस दिसू देत नाहीत. पडदा पडतो, आणि विंगेत येताच त्यांचा श्वास ऐकू येतो: खोल, घोगरा, मैदानावरून धावून आलेल्या माणसाचा. काही जणी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतात, काही जणी तिथेच खाली बसतात. मध्यंतरात केस, पोशाख, बूट बदलायचे आणि दुसऱ्या अंकात यातल्याच कित्येक जणींनी फुलं होऊन वॉल्ट्झ करायचा. शनिवारी हे सगळं दोनदा. सकाळचा क्लास चुकत नाही, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत दुपारी जानेवारीतल्या कार्यक्रमांच्या रिहर्सल्स चालू असतात.

हा सगळा भार येऊन पोचतो तो पायाच्या अंगठ्यापाशी. अंगठ्यावर उभं राहण्यासाठीच्या पॉइंट शूजच्या टोकात लाकूड किंवा लोखंड असतं असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन घट्ट केलेलं असतं, वर साटिन आणि तळाला कडक पट्टी. लंडनची फ्रीड ही कंपनी १९२९ पासून असे बूट बनवते. घामाने खळ मऊ पडते, पट्टी वाकते, आणि प्रमुख भूमिका करणारी नर्तकी एका प्रयोगात एक जोड संपवू शकते. म्हणून टेबलावर येणाऱ्या मुलीला माझा पहिला प्रश्न पायाबद्दल नसतो, बुटांबद्दल असतो. कालचेच घातलेस का? मऊ पडलेल्या बुटात पावलातल्या बारीक स्नायूंना दुप्पट राबावं लागतं, आणि नवा जोड मागायला संकोचणारी मुलगी तो हिशेब आपल्या तळव्यातून चुकता करते.

अंगठा खाली दाबणारा मोठा स्नायू अंगठ्यात नसतो. तो पोटरीत, खोल, बाहेरच्या बाजूच्या हाडावर उगम पावतो. त्याची कंडरा तिथून तिरकी होत घोट्याच्या आतल्या बाजूला मागून उतरते, टाचेच्या हाडाच्या कंगोऱ्याखालून वळते आणि तळव्यातून थेट अंगठ्याच्या टोकाला जाऊन मिळते. चवड्यावर चढताना, टोकावर तोल सावरताना, उडी घेताना आणि उतरताना ती या अरुंद वाटेतून मागेपुढे सरकत राहते. सुजली की अडकते. बॅलेच्या दुखापतींवर काम करणारे डॉक्टर हिला नर्तकाची अकिलीस कंडरा म्हणतात, इतका तिच्यावर नाच उभा असतो. १९७२ पासून न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी काम केलेले अस्थिशल्यविशारद विल्यम हॅमिल्टन यांनी या दुखण्याचा सविस्तर अभ्यास केला. घोटा मुरगळल्यासारखं किंवा टाचेमागे काहीतरी टोचल्यासारखं वाटणारं दुखणं नेमकं कुठलं, हे ओळखण्याची शिस्त त्यांच्या पिढीने लावून दिली.

टेबलावर हे असं दिसतं. ती पालथी झोपते, मी नडगीखाली उशी सरकवून तिचा गुडघा थोडा वाकवून घेते. डाव्या हाताने अंगठा धरते, उजव्या हाताची दोन बोटं घोट्याच्या आतल्या हाडामागे टेकवते. फक्त टेकवते. त्याच अरुंद जागेतून धमनी जाते, मज्जातंतू जातो. बोटाखाली नाडी उडताना लागते. तिला म्हणते, अंगठा हळूच वर-खाली कर. धडधाकट पायात बोटांना नुसती एक हालचाल कळते. हंगामाच्या चौथ्या आठवड्यात तिथे बारीक करकर लागते, आणि कधी अंगठा अर्ध्यात थबकून एकदम सुटतो. मग मी घोट्यावरून हात काढते. चिडलेल्या कंडरेला चोळलं की ती आणखी चिडते. काम करायचं असतं वर, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे कोणालाच दुखत नसतं. तिथे अंगठ्याने हळूहळू खोल जात थांबायचं आणि तिने पाऊल सावकाश हलवायचं. काही वेळाने स्नायू सैल होतो आणि खालची ओढ कमी होते. “मला तिथे दुखतच नव्हतं,” असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणते. पण टेबलावरून उतरून टाच उचलली की तिच्याच चेहऱ्यावर उत्तर असतं.

पुरुष नर्तकांची गाऱ्हाणी थोडी वेगळी. मिठायांच्या राज्यात कँडी केनचा प्रमुख नर्तक गोल कडं घेऊन त्यातून उड्या मारत जातो. बॅलनशीन स्वतः तरुणपणी रशियात हेच कड्याचं नृत्य करत. त्या नर्तकाच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. त्याच राज्यातल्या शुगर प्लम परीच्या जोडीदाराचा ताण कंबरेत आणि हातांच्या पुढच्या भागात साठतो, कारण तिचा तोल पेलणं हे दिसतं तेवढं हळुवार काम नाही. त्याच्या मनगटाच्या वरचे स्नायू मी चोळते तेव्हा तो बहुधा झोपी जातो.

हंगामात कुठल्या वेळी काय करायचं याला महत्त्व आहे. प्रयोगाच्या आधी खोल रगडायचं नाही. स्नायू गरजेपेक्षा सैल पडला की नर्तकीला जमिनीचा अंदाज येईनासा होतो. “पाय माझे वाटत नाहीत,” असं ती म्हणते, आणि त्या पायांवर तिला अर्ध्या तासाने टोकावर उभं राहायचं असतं. म्हणून आधीची मालीश हलकी, चटपटीत, दहा-पंधरा मिनिटांची. तळव्याला तेल लावायचंच नाही. तेलकट कातडीवर चिकटपट्टी धरत नाही आणि बुटात पाय घसरतो. चुकून लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढायचं. बोटांवरचे घट्टे जसे आहेत तसेच ठेवायचे, कारण वर्षांनुवर्षांच्या मेहनतीने कातडी तिथे राठ झाली आहे आणि तेच तिचं चिलखत आहे. दोन प्रयोगांच्या मध्ये फक्त पाय वर करून पडणं, खाणं आणि लागलीच तर पोटरीवर थोडा हात. रात्रीच्या प्रयोगानंतर संथ, मध्यम दाबाची मालीश. तेव्हा शरीर अजून धावत असतं आणि त्याला झोपेकडे न्यायचं असतं. खोल काम सुट्टीच्या दिवशी. खुबे त्या दिवसाचे. बॅलेत पाय खुब्यातूनच बाहेर वळवलेला असतो, आणि ते वळण धरून ठेवणारे कुल्ल्याखालचे लहान लहान स्नायू आठवडाभरात इतके आवळतात की ती साधं चालतानाही पावलं बाहेर टाकत चालते.

“पायातलं लॅक्टिक ॲसिड काढून टाक,” असं नर्तक सर्रास सांगतात. मी त्यांना खरं ते सांगते. ते आम्ल काढायला माझी गरज नाही. कष्ट थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच ते निपटतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, एका पायाला दहा मिनिटं मालीश केली, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मालीश केलेल्या पायात मात्र दाहाचे संकेत कमी झाले होते आणि पेशींमधली ऊर्जेची यंत्रणा वाढवण्याचे संकेत मिळाले होते. मालिशीने उडी उंच जात नाही, ताकद वाढत नाही, हेही अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं अंगदुखीचं ठणकणं कमी होतं, थकवा कमी वाटतो, सांधे थोडे मोकळे होतात. फायदा इतकाच. पण ज्या मुलीला उद्या सकाळी पुन्हा क्लासमध्ये दांड्यापाशी उभं राहायचं आहे तिच्यासाठी तो मोलाचा आहे, आणि मोलाच्या गोष्टीला खोट्या शास्त्राचा आधार द्यावा लागत नाही.

माझं बालपण कोल्हापूरचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी तालमीत राहिलेले. मुलींना तालमीत प्रवेश नव्हता, त्यामुळे मला तिथलं जे माहीत आहे ते आबांच्या तोंडून. पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढत, आणि मग पैलवानांनी एकमेकांना रगडायचं. ही चैन नव्हती, त्यासाठी वेगळी वेळ मागावी लागत नसे. मेहनत जशी रोजची, तशी मालीश रोजची. आबा आणखी एक सांगत. रगडणाऱ्याला जोडीदाराचं अंग त्याच्या आधी कळतं. खांदा धरलाय, गुडघ्यात पाणी झालंय, हे पहिल्यांदा त्याच्या हाताला लागतं, आणि ते वस्तादांच्या कानावर घालणं हे त्याचं काम. मग वस्ताद त्या पोराला चार दिवस लढत देत नसत. पोरगा रुसे. वस्ताद ऐकत नसत.

न्यूयॉर्कमध्ये आल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती मेणबत्त्या लावून, मंद संगीतात चालणारी मालीश. तीही माणसाला हवी असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नर्तकांच्या पायांपाशी आल्यावर मला आबांची गोष्ट खरी वाटली. या मुलींसाठी मी करते ते त्यांच्या मेहनतीचाच पुढचा भाग आहे. आणि तो मेहनतीचा भाग असेल, तर माझ्या हाताला जे लागतं त्याची जबाबदारीही माझ्यावर येते.

एका डिसेंबरात कोर द बॅलेतली, म्हणजे समूहात नाचणारी, एक मुलगी आली. तिला फुलांच्या वॉल्ट्झमधली दवबिंदूची भूमिका पहिल्यांदाच मिळाली होती. सगळ्या फुलांच्या मधून विजेसारखं पळणारं ते काम. कितीतरी जणी त्यासाठी वर्षं काढतात. ती टेबलावर बसली आणि म्हणाली, “नडगी जरा जोरात रगड. दरवर्षीसारखीच दुखतेय.” मी हाडाच्या आतल्या कडेवरून बोट वरून खाली नेत गेले. स्नायूंच्या ओढीचं दुखणं वीतभर पसरलेलं असतं. कुठेही दाबलं तरी सारखंच दुखतं. तिचं दुखणं माझ्या एका बोटाच्या टोकाखाली मावलं. त्या जागेवर तिने श्वास रोखून धरला.

“रात्री झोपेत दुखतं?”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “गेल्या आठवड्यापासून.”

“आज मी इथे हात लावणार नाही. उद्या सकाळी आधी डॉक्टर, मग क्लास.”

“शुक्रवारी माझा पहिला प्रयोग आहे. तू नुसतं दुखणं कमी कर, तेवढं पुरे.”

दुखणं कमी करणं मला जमलं असतं. आजूबाजूचे स्नायू सैल करून, थोडी ऊब देऊन, दोन दिवस त्या जागेला गप्प बसवता आलं असतं. तेवढ्या बळावर ती शुक्रवारी नाचली असती, आणि केसासारखी बारीक गेलेली चीर कदाचित आरपार गेली असती. मी तिला हे असंच सांगितलं. ती चिडली, रडली, बूट पिशवीत कोंबून निघून गेली. पण डॉक्टरकडे गेली, आणि एमआरआयमध्ये हाडाला ताणाची चीर निघाली. त्या वर्षी दवबिंदू दुसरीने केला. ही वसंतातल्या हंगामात परत नाचू लागली, आणि अजून नाचते.

नर्तक दुखणं का लपवतात हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. कोर द बॅलेतल्या मुलीचा करार बहुधा वर्षावर्षाचा असतो. तिची भूमिका पाठ असलेली दुसरी मुलगी विंगेत उभीच असते. लहानपणापासून तिला शिकवलेलं असतं की दुखतं तेव्हाच नाच सुधारतो, आणि त्यात तथ्य असल्यामुळे ते शिकवणं अधिक घातक ठरतं. कष्टाचं दुखणं आणि इजेचं दुखणं यांतला फरक तिला कोणी हातात धरून दाखवलेला नसतो. तालीम घेणाऱ्या बॅले मिस्ट्रेससमोर ती बोलत नाही, मैत्रिणीसमोर बोलत नाही, कारण मैत्रीणही भूमिकांच्या त्याच यादीत असते. टेबलावर, चेहरा खाली आणि डोळे मिटलेले असताना, ती बोलते. तिथे ऐकलेलं खोलीबाहेर जात नाही, हा आमच्या कामाचा कायदा. त्यामुळे मला वस्तादांकडे जाता येत नाही. तिलाच तिथवर न्यावं लागतं. या कामात माझं सगळं कौशल्य लागतं ते इथे. दाब किती द्यायचा हे हात वर्षभरात शिकतात. तिने स्वतःहून “उद्या मी दाखवून येते” म्हणावं, यासाठी किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे शिकायला फार वेळ लागतो.

काही सोयी आता उभ्या राहिल्या आहेत. या शहरात १९८९ साली नर्तकांच्या दुखापतींसाठी हार्कनेस सेंटर सुरू झालं. फिजिओथेरपिस्ट विंगेत बसलेले दिसतात. पण ज्यांच्यामागे कंपनी नाही त्यांचा डिसेंबर वेगळा असतो. पाहुणी शुगर प्लम म्हणून एका गावातून दुसऱ्या गावात विमानाने जायचं, पोचल्या पोचल्या गार सभागृहात, अनोळखी आणि कधी काँक्रीटवर अंथरलेल्या जमिनीवर नाचायचं, रात्री हॉटेलच्या बादलीत बर्फ घालून पाय बुडवायचे आणि पहाटेचं विमान पकडायचं. ती माझ्याकडे येते तेव्हा मालिशीचे पैसे तिच्या मानधनातून जातात. पोशाखाचा खर्च आयोजक करतात, दिव्यांचा करतात, कागदाच्या बर्फाचाही करतात. ज्या पायांवर हे सगळं चालतं त्यांचा खर्च मात्र तिचा तिने करायचा, हे मला मान्य नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रिहर्सलच्या तक्त्यात क्लासची वेळ लिहिलेली असते, पोशाखाच्या मापाची वेळ लिहिलेली असते. त्याच तक्त्यात प्रत्येकीच्या नावापुढे शरीराच्या देखभालीची वेळ लिहिलेली असावी आणि ती पगारी असावी. दुखतं म्हणून तपासायला गेलेल्या मुलीची भूमिका पुढच्या वर्षी तिचीच राहील, एवढं आश्वासन करारात असावं. तसं झालं तर माझ्या टेबलावर दबक्या आवाजात सांगितलं जाणारं बरंच काही मुली उघडपणे, वेळेवर सांगतील, आणि माझ्यासारखीचं काम हलकं होईल. आठव्या-नवव्या वर्षापासून दांड्यापाशी उभं राहून या मुलींनी हे पाय घडवलेले असतात. एका महिन्याच्या बर्फापायी ते खर्ची पडू नयेत आणि पस्तिशीपर्यंत त्यांना ते नाचायला पुरावेत, एवढं तर हा डिसेंबर त्यांचं देणं लागतोच.